खवट

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर मगदूम म्हणाले,
डोळ्याच्या मागच्या पडद्यात चरबी असते, आक्का.
मला हसू आलं. म्हटलं, माझ्या अंगावर कुठं टिकली नाही,
तिथं कशी टिकली?

ते हसले नाहीत.
पडद्याचा फोटो माझ्याकडं फिरवला.
नारिंगी उजेड, त्यात रक्ताच्या बारीक वाटा
आणि मधोमध पिवळे दाणे,
चाळणी न मारता कुणी सांडल्यासारखे.

बत्तीस वर्षं मी तासगावात बेदाणा निवडते.
पांढऱ्या पत्र्याचं टेबल, डोक्यावर दोन हातांवर ट्यूब.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा टोपलीत.
हे कुठल्या ढिगात टाकू, डॉक्टर?

मग त्यांनी तेलाचं सांगितलं.
ते मला नवं नव्हतं.
शेंगतेल काचेच्या बाटलीत खिडकीत ठेवलं
की उजेड आणि हवा, दोघं मिळून नासवतात.
म्हणून सासूबाई डबा कोनाड्यात सारायच्या,
वर फडकं टाकायच्या.
पण डोळ्यातलं तेल कोनाड्यात ठेवता येत नाही, आक्का,
उजेडापुढं बसणं हेच त्याचं काम.
आणि ते असतं पातळ, माशाच्या अंगातल्यासारखं
(डॉक्टर जैन, मासा म्हणताना जरा अडखळले),
पातळ म्हणून चपळ,
आणि पातळ म्हणूनच लवकर खवट होणारं.

रोज सकाळी, म्हणे, उजाडलं की
त्या बारक्या पेशी आपलं वापरलेलं टोक टाकून देतात,
मागच्या रांगेतल्या पेशी ते गिळून जागा साफ करतात.
वय झालं की गिळलेलं पचत नाही.
उरतं. साचतं.

आमच्या शेडात ते काम सुगंधाचं होतं.
सहाला यायची, आम्ही यायच्या आत
काड्या, देठ, फुटके दाणे झाडून न्यायची.
ती गेली त्या वर्षी मालकानं दुसरी बाई ठेवली नाही.
कोपऱ्यात काय काय साचत गेलं
ते आम्ही बघत होतो
आणि निवडत होतो.

ट्यूबनं झालं का?
डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. नक्की कुणी सांगणार नाही.
वय, ऊन, घराण्यातलं रक्त, सगळं थोडं थोडं.
मिश्री लावता?
मी फरशीकडं बघितलं.

येताना एसटीत उन्हाच्या बाजूला जागा मिळाली.
पदर कपाळावर ओढून विचार करत होते
द्राक्षाचा.
घड तोडला की तेलाच्या पाण्यात बुडवायचा,
जाळीवर पसरायचा, वर हिरवं कापड.
उन्हाचा एक पट्टा आत आला
तर मुकादम ओरडत धावायचा,
रंग जाईल, दर पडेल!
दाण्याला सावली होती.
ज्या डोळ्यांनी तो दाणा पारखला
त्यांच्यासाठी कुणी ओरडल्याचं आठवत नाही,
मीसुद्धा नाही.

चौकटींचा कागद दिलाय, भिंतीला लावायला.
एक डोळा झाकून रोज बघायचं
रेघा सरळ आहेत का.
उजव्या डोळ्याला सरळ.
डाव्याला मधली रेघ वाकते,
माल लागलेल्या मांडवाची तार वाकते तशी,
आणि जिथं वाकते तिथं
थोडंसं काहीच नसतं.

आज परत टेबलावर.
सरळ बघितलं की दाणा जातो.
जरा बाजूला बघितलं की येतो,
लाजल्यासारखा, हिरवा की काळा
अजून सांगत नाही. बोटांना विचारते.
बोटं म्हणतात, देठ आहे. काढते.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा
शेजारची नूरजहाँ म्हणाली,
काय म्हणाला गं डॉक्टर?
म्हटलं, तेल खवट झालंय.
तिनं माझा डबा ओढला,
वांग्याच्या भाजीवर नाक नेलं,
नीट हुंगलं,
आणि म्हणाली, न्हाई गं,
चांगलं हाय की.